मागच्या बाकावरचे पोर

मंडळी, आम्ही छत्तीस वर्षे शाळा केली. एक पोरगा हाकेला वळायचा नाही. आम्ही त्याला मठ्ठ ठरवले, मागे बसवले. छडीही मारली. मग त्याची आई म्हणाली, "गुरुजी, त्याचा कान वाहतोय. त्याला ऐकू कुठं येतंय?" आम्ही ओशाळलो. त्याला पुढे बसवले, त्याच्याकडे तोंड करून बोलू लागलो. वर्षभरात पोर वाचू लागले.

असे मूल घरात दडवू नका. २०१६ चा कायदा आहे. अपंगत्व ४० टक्के वा जास्त असेल, तर ६ ते १८ वर्षे वयात जवळच्या शाळेत शिक्षण फुकट. दाखल्यासाठी जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात जा. आणि हो, वाहत्या कानात तेल ओतू नका. आधी डॉक्टरला दाखवा.