पानिपत आणि लिदित्से

इथे जोगेश्वरीतही कुणाचा धंदा बुडाला की आपण म्हणतो, 'पानिपत झाले!' १७६१ ची जखम अशी भाषेतच मुरली आहे. चेक लोकांचे पानिपत म्हणजे १६२० सालची श्वेतगिरीची लढाई. पुढे १० जून १९४२ रोजी नाझींनी लिदित्से गावातले १७३ पुरुष गोळ्या घालून मारले व गाव बेचिराख केले. दुःख खरेच, पण युद्ध संपताच चेकोस्लोव्हाकियातून सुमारे ३० लाख जर्मन, बायकामुलांसकट, हाकलले गेले. जखमेनेच तो परवाना दिला, असे आम्हांस वाटते.

आणि आम्ही? पानिपतासाठी हळहळतो, पण त्याआधी १७४२ पासून आमच्याच स्वारांनी बंगाल लुटला. तिकडच्या आया अंगाईत पोरांना 'बर्गी'चे भय घालीत. पानिपत आम्ही शाळेत शिकलो. ही अंगाई मात्र एका बंगाली शेजाऱ्याकडून कळली.