आंबा पिकवावा आढीतच



बाजारातून पिवळाधमक आंबा आणावा आणि कापला तर आत आंबट, असा अनुभव पुष्कळांना येतो. असा आंबा बहुधा कोवळा काढून कार्बाईडने पिकवलेला असतो. फळे पिकवण्यासाठी कार्बाईड वापरायला कायद्याने बंदी आहे. शिवाय एकदा फसलेले गिऱ्हाईक पुन्हा फिरकत नाही, हे नुकसान आपलेच.

तेव्हा हापूस चौदा आणे तयार झाल्यावरच काढा. ओळखायचा कसा? देठाजवळ खळगा पडतो, खांदे वर येतात, गडद हिरवा रंग फिका होतो. शंका वाटली तर पाण्यात टाकून पाहा. तयार फळ बुडते, कोवळे तरंगते.

काढणी सकाळी किंवा ऊन उतरल्यावर करा. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा नूतन झेला वापरला म्हणजे फळ देठासकट हाती येते. देठ तुटला तर चीक ओघळून सालीवर डाग पडतात. काढलेली फळे लगेच सावलीत न्या.

आता आढी. हवेशीर खोलीत भाताचा पेंढा पसरा, त्यावर आंब्यांचा थर, वर पुन्हा पेंढा. दोन-तीन थर पुरेत. मधून मधून आढी तपासा. डागी, नासके फळ काढून टाका. आठ-दहा दिवसांत घरभर घमघमाट सुटेल.

पहिली पाटी मात्र विकू नका. ती घरच्या पोराबाळांची. वर्षभर राबणाऱ्या घराने आपला आंबा आधी चाखायलाच हवा.