अर्जातला बापाचा रकाना
(विद्यार्थी मेळाव्यात केलेलं भाषण)



मी मॅट्रिक. गोदीत माल उचलतो. ज्या अर्जाबद्दल बोलायला उभा राहिलोय तो मला भरता येत नाही, त्याला पदवी लागते. तुम्हाला येतो. म्हणून बोलतो.

आपल्या घराघरात पलटणीच्या गोष्टी आहेत. १८१८ चं कोरेगाव पोरासोरांना पाठ. पुढचं कोणी सांगत नाही. १८९० नंतरच्या दोन-चार वर्षांत इंग्रजांनी महारांची भरती बंद केली. ज्यांच्या जिवावर राज्य उभं केलं, तेच म्हणे लढाऊ जातीचे नाहीत! पलटणीतून पेन्शनीत आलेल्या गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली त्याविरुद्ध अर्ज लिहिला. १९१० साली शिवराम जानबा कांबळ्यांनी लिहिला. आपल्या चळवळीची सुरुवातीची पानं ही अशी अर्जांची आहेत. १९४१ साली बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली, तीही बाबासाहेबांनी पाठ सोडली नाही म्हणून.

पण हे सगळं शिपायाचं. अधिकाऱ्याचं काय?

कॉलेजात एन.सी.सी. असते. आपली पोरं तिकडं फिरकत नाहीत. सकाळी परेड, आणि सकाळीच आपल्याला पेपर टाकायचे असतात. पण ऐका. तीन वर्षं काढून ‘सी’ सर्टिफिकेट निदान बी ग्रेडने मिळवलं आणि पदवीला पन्नास टक्के पडले, तर लेखी परीक्षा माफ. वय एकोणीस ते पंचवीस, लग्न झालेलं नको. मुलींनाही खुलं आहे. मुलाखत पास झाली की चेन्नईच्या अकादमीत ट्रेनिंग, तेही पगारासारखे पैसे घेऊन. तिसऱ्या वर्षाला जाग आली तर मात्र गाडी गेली. मग लेखी परीक्षेचा लांबचा रस्ता. त्या परीक्षेची फी आपल्याला माफ आहे. फीच माफ. राखीव जागा एकही नाही.

काही दोस्त म्हणतील, सैन्य म्हणजे सत्तेचा दंडुका. असेल. पण दंडुका धरायला आपले हात चालतातच की! हुकूम सोडणाऱ्यांत आपण किती, ते मोजा. आणि २०२२ पासून शिपायाची भरती चार वर्षांची झाली. त्यातले फार तर पंचवीस टक्के पुढे ठेवणार, बाकीचे घरी. अधिकाऱ्याला हा नियम नाही.

खांद्यावर पट्टी लागली की जात गळून पडते, असं मी म्हणत नाही. बडोद्याची स्कॉलरशिप घेऊन बाबासाहेब परदेशी शिकले. करार पाळायला १९१७ साली बडोद्याला गेले, महाराजांचे लष्करी सचिव झाले. शिपाई त्यांच्या टेबलावर लांबून फायली फेकायचे. राहायला खोली मिळेना.

आता आमच्या चाळीतल्या पोराचं सांगतो. बाप माझ्याच टोळीत हमाल. पोरगं मुलाखतीला पोचलं. पाच दिवसांचा कार्यक्रम असतो तो. पहिल्यांदा जाणाऱ्याला गाडीभाडं मिळतं, तेव्हा पैशासाठी घाबरू नका. तिथं एक फॉर्म देतात. धर्म, जातीचा वर्ग, आईबापाचं शिक्षण, धंदा, कमाई, सगळं त्यात. बापाच्या रकान्यात ह्याने लिहिलं ‘व्यापार’. मुलाखत घेणारा साहेब गोडीने विचारतो, कसला व्यापार? माल कुठून येतो? खप किती? गिऱ्हाईक कोण? पोरगं तिसऱ्या प्रश्नाला घामाघूम. पाचव्या दिवशी परत.

मी चिडलो नाही. मीही शाळेत ‘नोकरी’ लिहायचो. बाप गटारात उतरायचा.

तिथं चित्रं दाखवून गोष्टी लिहायला लावतात. अर्धा मिनिट बघायचं, चार मिनिटांत लिहायचं. शेवटचं चित्र कोरं असतं. त्यावर स्वतःच्या मनातली गोष्ट लिहायची. ह्याने कोऱ्या चित्रावर लिहिली बंगल्यातल्या साहेबाच्या पोराची गोष्ट! अरे, तुझा बाप चढत्या पाण्यात, तुटल्या साखळीखाली उभा राहून वीस माणसांना बाजूला हो म्हणून ओरडतो, ती गोष्ट कुठं ठेवलीस?

वय अजून आहे, किती वेळा जावं याला बंधन नाही. परवा रात्री आमच्या कट्ट्यावर बसून त्याने तोच फॉर्म साध्या कागदावर पुन्हा भरून पाहिला. बापाच्या रकान्यापाशी पेन थांबलं. बाप शेजारीच विडी ओढत होता. म्हणाला, लिही ना, हमाल. स्पेलिंग येत नाय का?