फूला बायका आणि ‘रूढी-परंपरा’ नावाचा रकाना

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरात केलेलं भाषण)



फूला हे नाव तुमच्यापैकी बहुतेकींनी ऐकलं नसेल. व्हिएतनामच्या उत्तरेला, चीनच्या सरहद्दीलगत लाओ काय आणि आसपासचा डोंगराळ मुलूख आहे. तिथे हे लोक राहतात. २०१९ च्या जनगणनेत ते साधारण साडेबारा हजार भरले. देशाची लोकसंख्या तेव्हा साडेनऊ कोटींच्या वर होती! सरकारनं १९७९ मध्ये ५४ जमातींची यादी केली, तिच्यात फूला हे एक नाव आहे. त्या एका नावाखाली शा फो आणि इतर गट येतात. त्यांची बोली आणि पोशाख वेगवेगळे आहेत. सरहद्दीपलीकडच्या त्यांच्याच भाईबंदांना चीन यी जमातीत मोजतं. म्हणजे कोण कुणात मोडतं, हे ठरवणारे दुसरेच.

त्यांच्याविषयी जे लिहिलं जातं ते साधारण एकाच साच्याचं असतं. डोंगरउतारावर भात-मका पिकवतात, म्हशी पाळतात, पूर्वजांची पूजा करतात. पुरुष बांबू-वेताच्या टोपल्या फार सुबक विणतात, त्या बाजारात विकल्या जातात. नाकानं फुंकायची बासरी आहे, ती बायकाही वाजवतात. आणि मग येतो बायकांचा पोशाख. फोटो बहुधा त्याचाच असतो.

शा फो बायकांच्या त्या पोशाखाकडे जरा थांबून बघू या. कापूस पेरायचा, वेचायचा, सूत काढायचं, विणायचं, निळीत पुन्हा पुन्हा बुडवायचं. मग त्यावर लाल धाग्यांचं भरतकाम. शेवटी आखूड चोळीवर पांढऱ्या मण्यांच्या ओळी. हे मणी विकतचे नाहीत. एका गवताचं ते टणक, गुळगुळीत बी असतं आणि त्याला आरपार भोक निसर्गतःच असतं. एक पोशाख पुरा व्हायला महिनेच्या महिने लागतात. हे सगळं कधी होतं? शेतातून आल्यावर, चूल आवरल्यावर, पोर झोपल्यावर. म्हणजे आपण ज्याला ‘उरलेला वेळ’ म्हणतो त्या वेळात. टोपली विकली की तो धंदा. चोळी शिवली की ती परंपरा. आज ही कला व्हिएतनामच्या राष्ट्रीय वारशाच्या यादीत आहे. चांगलंच आहे, मला त्याचा राग नाही. पण तयार कपडा बाजारात स्वस्त मिळत असताना तरुण मुलीनं तो घेतला, तर ‘परंपरा बुडाली’ म्हणून हळहळणारे तिच्या आईच्या रात्री मोजत नाहीत.

आता लग्न. घराणं बापाकडून चालतं, मुलगी नवऱ्याच्या घरी जाते, आणि मुलाकडचे मुलीकडच्यांना मोल देतात. आपल्याकडच्या आदिवासी भागातल्या देजासारखं. हुंडा नाही म्हणून आपण शहरी बायका लगेच खूश होतो. मीही झाले होते. पण पैसा कुठल्याही दिशेनं गेला, तरी ज्याच्या हातात पडतो तो बाप किंवा भाऊच. आणि मोल दिलेली बाई नांदायला नाही म्हणाली तर ते परत कोण करणार, हा प्रश्न पाड्यावर काम करणारीला नवा नाही. त्याच वेळी हेही खरं की हुंड्यापायी मुलीचा जन्मच नको वाटावा, अशी गत इथे होत नाही. दोन्ही गोष्टी एकदम धराव्या लागतात.

कायदा तिथेही आहे. लग्नाचं वय मुलीला १८, मुलाला २०. तरी २०१९ मध्ये व्हिएतनामच्या ५३ अल्पसंख्य जमातींची सरकारी पाहणी झाली, तीत २०१८ सालच्या लग्नांमध्ये सुमारे २२ टक्के कमी वयातली निघाली. चार वर्षांपूर्वी हे प्रमाण २६ टक्क्यांच्या वर होतं. मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो जमिनीचा कायदा. २००३ च्या कायद्यानं सांगितलं की जमीन नवरा-बायकोची सामाईक असेल तर कागदावर दोघांचीही नावं हवीत. आपल्या सातबाऱ्यावर बाईचं नाव लावून घ्यायला किती चपला झिजल्या ते आठवा! पण तो कागद तिथल्या बहुसंख्याकांच्या, म्हणजे व्हिएतनामी भाषेत. जी बाई घरात फक्त आपली बोली बोलते, शाळेत फारशी गेली नाही, तिनं आपलं नाव त्यावर आहे की नाही हे कुणाकडून वाचून घ्यायचं? नवऱ्याकडून?

एक कबुली देते. एम. एस. डब्ल्यू.ला असताना एका आदिवासी पाड्याचा अहवाल मी लिहिला होता. ‘रूढी-परंपरा’ हा रकाना मी ओसरीवर बसलेल्या चार पुरुषांना विचारून भरला. आत दाराआड तीन बाया उभ्या होत्या. एकीनं मधेच काहीतरी म्हटलं, ओसरीवरचे हसले, मी लिहून घेतलं नाही. अहवालाला गुण चांगले पडले. फूलांविषयी वाचताना मला त्या दाराआडच्या बाया सारख्या दिसत होत्या. चोळीचा तपशील रंगासकट असतो. पण ती शिवणारीला काय वाटतं, नवरा मेल्यावर ती कुठे राहते, तिच्या नावावर काय आहे, हे क्वचितच.

उद्या आपण दोन गट करून पाड्यांवर पाहणीला जातोय. फॉर्ममधला तो रकाना मी काढलेला नाही, फक्त शेवटी नेलाय. आधी बायांशी चुलीपाशी बसून बोलायचं, ओसरीवर नंतर. आणि दाराआडून कुणी काही म्हटलं तर थांबून विचारायचं, ‘काय म्हणालीस गं? पुन्हा सांग.’