गुडघा : त्याची रचना आणि त्याची दुखणी
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



चिटणीसांनी आरोग्यविषयक व्याख्यानाची सूचना केली तेव्हा विषय निवडण्यास मला वेळ लागला नाही. आणि मघाशी व्यासपीठाच्या तीन पायऱ्या चढताना किती ज्येष्ठांनी कठडा धरला हे पाहिल्यावर निवड चुकली नाही अशी खात्रीही झाली. आपल्या बोलण्यात गुडघा येतो तो बहुधा बाशिंगाच्या निमित्ताने. मंडळाच्या वधूवर सूचीची लांबी पाहता तो वाक्प्रचार अद्याप जिवंत आहे असे म्हणावयास हरकत नाही. परंतु बाशिंग उतरल्यावर पुढील पन्नास वर्षे त्या गुडघ्याचे काय होते, याची चौकशी फारसे कोणी करीत नाही.

गुडघा हा शरीरातील सर्वांत मोठा सांधा. वरून मांडीचे हाड, खालून नडगीचे हाड आणि समोर ढालीसारखी वाटी अशी त्याची मांडणी आहे. मांडीच्या हाडाचे खालचे टोक दोन गोलाकार उंचवट्यांचे, तर नडगीचा माथा जवळजवळ सपाट. नुसत्या हाडांकडे पाहिले तर ताटावर ठेवलेल्या दोन नारळांइतकेच त्यास स्थैर्य आहे. तो निखळत नाही, याचे श्रेय भोवतालच्या बंधांस आहे. आत एकमेकांस छेद देणारे दोन अस्थिबंध, दोन्ही बाजूंस एकेक पट्टा, हाडांच्या मध्ये अर्धचंद्राकृती दोन गाद्या, आणि या सर्वांवर मांडीच्या पुढील चौपदरी स्नायूची पकड. वाटी त्याच स्नायूच्या कंडरेत बसविलेली असून तिच्यामुळे त्यास तरफेचा लाभ मिळतो.

हाडांची टोके काही मिलिमीटर जाडीच्या, शुभ्र व गुळगुळीत कूर्चेने मढविलेली असतात. या कूर्चेत रक्तवाहिनी नाही आणि ज्ञानतंतूही नाही. मग तिचे पोषण कसे होते? पाऊल टेकले की ती दाबली जाते, पाऊल उचलले की पुन्हा फुलते; आणि या दाबण्या-फुलण्यातच सांध्यातील चिकट द्रवामधून पोषक द्रव्ये तिच्यात शिरतात. हालचाल थांबली की तिचे अन्न तुटते. बैलगाडीच्या आसाची किंवा वहाणेच्या तळव्याची उपमा आपण गुडघ्यास देतो, ती येथे फसते. वहाण वापरली नाही तर टिकते. गुडघा वापरला नाही तर बिघडतो.

हे वाक्य मी आज सहज उच्चारतो, पण ते शिकण्याची किंमत माझ्या मातोश्रींनी मोजली. मी नुकताच पदवी घेऊन व्यवसायास लागलो होतो आणि त्यांचे गुडघे दुखू लागले. क्ष-किरण चित्रात झीज दिसली. मी मोठ्या अधिकाराने सांगितले, “आई, आता पायांना विश्रांती दे. जिना नको, देवळात जाणे नको.” डॉक्टर मुलाचा शब्द त्यांनी वेदवाक्य मानला. दोन वर्षांत त्या खाटेवरून आधाराविना उठेनाशा झाल्या. अखेरीस माझ्या एका गुरुजनांना घरी आणले. त्यांनी मोजपट्टी काढून दोन्ही मांड्यांचा घेर मोजला आणि ती पट्टी न बोलता माझ्या हाती दिली. गुडघ्याची झीज होती तेवढीच होती. मांडीचा स्नायू मात्र वाळून गेला होता. त्यानंतर खुर्चीवर बसून एक पाय सरळ करावयाचा, दहा अंक मोजेपर्यंत धरावयाचा, मग दुसरा, एवढ्यापासून आरंभ झाला. सहा महिन्यांनी त्या अंगणापर्यंत गेल्या. देऊळ मात्र कायमचे राहिले.

गेलेली कूर्चा व्यायामाने परत येत नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. परंतु बळकट स्नायू सांध्याचा भार पेलतो व वेदना कमी होतात. वजनाचेही तसेच. २००५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की, शरीराचे वजन एक किलोने उतरले तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरील भार सुमारे चार किलोंनी घटतो. ‘वंगण आटले’ हा शब्दप्रयोग मी रोज ऐकतो. वस्तुतः झिजलेल्या गुडघ्यात द्रव पुष्कळदा वाढतो, फक्त तो पातळ झालेला असतो.

तरुणांचे दुखणे निराळे. कबड्डीच्या मैदानात पाय रोवून अंग वळले, आत ‘कट्’ असा आवाज झाला आणि काही तासांत गुडघा सुजला, तर पुढचा अस्थिबंध तुटल्याची शंका घ्यावी. तेल चोळून पुढच्या रविवारी पुन्हा मैदानात उतरू नये. गादी फाटून मध्ये अडकली तर पाय सरळच होत नाही. पूर्वी अशी गादी सर्रास काढून टाकीत. १९४८ साली फेअरबँक या ब्रिटिश शस्त्रवैद्यांनी त्यानंतर सांध्यात होणारे बदल क्ष-किरण चित्रांवरून दाखविले. आज शक्य तेथे गादी राखण्याकडेच कल आहे.

सकाळचा ताठरपणा तासाहून अधिक टिकत असेल, बोटांचे सांधेही सुजत असतील, तर ती साधी झीज नव्हे, आमवाताची तपासणी करावी. गुडघा लाल, गरम आणि सोबत ताप असेल तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. सुजलेल्या गुडघ्यास कोल्ह्याच्या डोक्याची उपमा देऊन सुश्रुताने ‘क्रोष्टुकशीर्ष’ असे नाव दिले आहे. ज्याने तो पाहिला आहे त्यास ती उपमा पटेल. नावगाव नसलेल्या पुड्यांनी ‘दोन दिवसांत गुण’ येतो तेव्हा तीत स्टेरॉइड असण्याचा संभव असतो, एवढे ध्यानात ठेवावे.

शस्त्रक्रियेविषयी दोन टोकाची मते ऐकू येतात. झिजलेला सांधा दुर्बिणीने नुसता धुऊन काढण्याची एक रीत होती. २००२ साली ह्यूस्टन येथील १८० रुग्णांवरील प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात काहींस केवळ त्वचेवर छेद देऊन लटकी शस्त्रक्रिया केली होती; दोन वर्षांनंतरही खऱ्या शस्त्रक्रियेच्या रुग्णांस त्यांच्याहून अधिक गुण आलेला नव्हता. सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया मात्र वेगळी. रात्रीची झोप उडाली, चालणे घरापुरते उरले आणि अन्य उपाय संपले, तर तिने माणूस पुन्हा हिंडू लागतो. १६ ऑगस्ट २०१७ रोजी केंद्र सरकारने कृत्रिम गुडघ्यांच्या कमाल किमती ठरवून दिल्या, त्यामुळे मध्यमवर्गीय कुटुंबांस काहीसा दिलासा मिळाला. तथापि केवळ चित्रात झीज दिसते म्हणून घाई करणे जितके चूक, तितकेच भीतीने दहा वर्षे खाटेवर काढणेही चूक. आणि आपल्या घरांतील स्त्रिया हे दुसरे अधिक करतात. उतारवयातील झीज स्त्रियांत पुरुषांहून जास्त आढळते, पण दवाखान्याची पायरी त्या सर्वांत शेवटी चढतात. सून-मुलांनी त्यांचे “चालायचंच” हे उत्तर मान्य करू नये.

चहापानानंतर मी तासभर वरच्या मजल्यावरील खोलीत बसणार आहे. ज्यांना गुडघे दाखवावयाचे असतील त्यांनी यावे. ज्यांना जिना चढवत नाही त्यांनी स्वयंसेवकाकरवी निरोप द्यावा, मी खाली येईन.