आधी नाव, मग प्रवेश

वाशीतल्या आमच्या सोसायटीत गच्चीवर पोहोचल्यावर वहीत नाव लिहायची पद्धत होती. कोणी टाकीमागे गेलं, नाव लिहायचं राहिलं, वॉचमनने कोरी वही पाहून कुलूप लावलं, की माणूस अडकला!

लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नेलमध्ये, जोडता-काढता येणारे भाग असतात; त्यांना मॉड्यूल म्हणतात. वापरणाऱ्यांचा आकडा शून्य असेल तरच मॉड्यूल काढायचं. पूर्वी पुष्कळ मॉड्यूल हा आकडा स्वतःच, काम सुरू झाल्यावर वाढवत. त्या क्षणभरात मॉड्यूल काढलं गेलं, तर संगणक कोसळे. डिसेंबर २००३ च्या २.६ आवृत्तीत रीत बदलली : आकडा बाहेरूनच, आत शिरण्याआधी वाढवायचा, मॉड्यूल निघण्याच्या बेतात असेल, तर प्रवेश नाही.

आमचीही वही आता खाली, वॉचमनपाशी असते. मात्र उतरताना नाव खोडायला हवं. नाहीतर कुलूप कधीच लागायचं नाही!