बोग्दान म्हणजे देवदत्त
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



 माझा विषय ऐकून आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. मराठी मंडळाच्या व्यासपीठावर रशियन, पोलिश, चेक आणि सर्बियन बाळांच्या नावांची चर्चा कशासाठी? कारण साधे आहे. घरापासून दूर राहणाऱ्या माणसाजवळ मायबोलीतला जो शब्द अगदी अखेरपर्यंत उरतो, तो त्याचे स्वतःचे नाव होय. मात्र शब्द उरला तरी त्याचा अर्थ उरतोच असे नाही. या बाबतीत स्लाव्ह लोकांचा इतिहास मोठा बोधप्रद आहे.

प्रथम या नावांची घडण पाहू. जुनी स्लाव्ह नावे बहुधा आपल्या संस्कृत नावांसारखीच सामासिक असतात. ‘मिरोस्लाव्ह’ या नावात ‘मिर’ म्हणजे शांती आणि ‘स्लाव्ह’ म्हणजे कीर्ती. ‘यारोस्लाव्ह’ म्हणजे ज्याची कीर्ती प्रखर आहे तो. ‘बोगुमिल’ म्हणजे देवाला प्रिय, आणि ‘बोग्दान’ म्हणजे देवाने दिलेला, अर्थात आपला देवदत्त! येथे साम्य केवळ अर्थाचे नाही. ‘बोग’ हा संस्कृत ‘भग’ शब्दाचा आप्त आहे आणि ‘दान’मध्ये आपलाच ‘दा’ धातू आहे. ‘स्लाव्ह’ आणि ‘श्रवस्’ हे शब्द तर ‘ऐकणे’ या एकाच मुळातून निघाले. कीर्ती म्हणजे जी कानांवर येते ती. महाभारतातील भूरिश्रवा आणि कीव्हचा यारोस्लाव्ह हे या अर्थाने दूरचे भाऊबंदच म्हणावयाचे. ‘वेस्ना’ या मुलीच्या नावात वसंत आहे, ‘झिव्को’मध्ये जीव आहे. तथापि प्रत्येक साम्य म्हणजे नाते नव्हे, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. सर्बियन किंवा चेक ‘मिलान’ हा ‘मिल’, म्हणजे लाडका, या शब्दापासून झाला. आपल्या ‘मिलन’शी त्याचा काही संबंध नाही.

कीर्ती आणि शांती ही राजघराण्यांना शोभणारी नावे झाली. गोरगरिबांच्या पाळण्यांवर भीतीचीही सावली असे. सर्बियन भाषेचे थोर सुधारक वुक कारादझिच (१७८७–१८६४) यांच्या आधी जन्मलेली भावंडे जगली नाहीत. तेव्हा चेटकिणींनी या मुलाला हात लावू नये म्हणून आईबापांनी त्याचे नाव ‘वुक’, म्हणजे लांडगा, असे ठेवले. हा ‘वुक’ म्हणजे आपला ‘वृक’च. जुन्या रशियात ‘नेक्रास’, म्हणजे कुरूप, असे नाव मुलाला देत. उद्देश हा, की त्याला दृष्ट लागू नये. बंधुभगिनींनो, आपल्याकडील धोंडू, दगडू आणि केरू ही नावे आठवा. ज्या मातेने आधीची मुले गमावली, तिने काळजाच्या तुकड्याला दगड म्हटले, ते माया कमी होती म्हणून नव्हे. अशा नावाला आपण हसतो, तेव्हा त्यामागचा हंबरडा आपल्याला ऐकू येत नाही.

इ. स. ९८८ मध्ये कीव्हचा राजा व्लादिमिर याने ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि बाप्तिस्म्याच्या वेळी त्याला ‘वासिली’ हे ग्रीक वळणाचे नाव मिळाले. पुढे घरात स्लाव्ह नाव आणि चर्चमध्ये ग्रीक नाव अशी दुहेरी पद्धत बराच काळ चालली. हळूहळू संतांच्या पंचांगातील नावांनी जुन्या नावांना मागे सारले. आपल्याकडे हौसेने ठेवली जाणारी ‘रशियन’ नावेच पाहा. नताशा हे नाताल्याचे लाडके रूप. त्याचे मूळ जन्मदिनवाचक लॅटिन शब्दात आहे. सोनिया हे सोफियाचे रूप. सोफिया म्हणजे प्रज्ञा, आणि शब्द ग्रीक. तान्या ही तात्याना. तिचे मूळ रोमन कुलनामात. रूप स्लाव्ह असले तरी यांपैकी एकाचेही बीज स्लाव्ह नाही. अनुवादित रशियन कादंबऱ्या वाचताना एकाच माणसाची तीन-तीन नावे पाहून आपण गोंधळतो, तो याच लाडक्या रूपांमुळे.

काही नावे मात्र आपल्या भाषेत उतरली. संत सोफिया आणि तिच्या तीन कन्या यांच्या ग्रीक कथेत मुलींची नावे श्रद्धा, आशा आणि प्रेम या अर्थांची आहेत. स्लाव्ह भाषांतरकारांनी त्यांचे वेरा, नादेज्दा आणि ल्युबोव्ह असे रूपांतर केले. आईचे नाव तेवढे ग्रीकच राहिले!

गमावलेले नाव पुन्हा मिळविता येते काय? एकोणिसाव्या शतकातील चेक लोकांनी ते करून दाखविले. ऑस्ट्रियन साम्राज्यात राज्यकारभारावर आणि उच्च शिक्षणावर जर्मन भाषेचा पगडा होता. त्या काळात प्रागमध्ये १८६२ साली ‘सोकोल’, म्हणजे ससाणा, या नावाची व्यायामसंस्था उभी राहिली. तिचे संस्थापक मिरोस्लाव्ह तिर्श (१८३२–१८८४) यांचे जन्मनाव फ्रीड्रिख होते. फ्रीड्रिखमध्येही शांती आहे आणि मिरोस्लाव्हमध्येही. अर्थाचा धागा न सोडता तिर्श आपल्या भाषेत परतले.

नाव लादण्याचे प्रयोगही झाले. १९१७ च्या क्रांतीनंतर रशियात व्लादिमिर लेनिन या दोन शब्दांची आद्याक्षरे जोडून ‘व्लादलेन’, लेनिन हे नाव उलटे वाचून ‘निनेल’, अशी नावे निघाली. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ विसर्जित झाला आणि अशा नावांचा आधारच गेला. याउलट ‘स्वेतलाना’ हे नाव पाहा. त्यात ‘स्वेत’, म्हणजे प्रकाश आहे. ते एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कवींनी घडविले आणि झुकोव्हस्कीच्या १८१३ साली प्रसिद्ध झालेल्या कथाकाव्याने घरोघर पोहोचविले. चर्च ते बाप्तिस्म्याला स्वीकारीत नसे. क्रांतीनंतर तो अडसर गेला आणि ते सर्वत्र पसरले. स्टालिनच्या मुलीचेही हेच नाव. ब्रजेश सिंह यांच्या अस्थी घेऊन डिसेंबर १९६६ मध्ये ती उत्तर प्रदेशातील कालाकांकरला आली, हे आपणांपैकी ज्येष्ठांना स्मरत असेल. सत्तेने पाडलेली नावे ओसरली; कवीने दिलेले नाव राहिले.

आता महाराष्ट्राच्या मातीतील एक गोष्ट सांगतो. दुसऱ्या महायुद्धात पोलंडमधून उखडले गेलेले सुमारे पाच हजार निर्वासित १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथील छावणीत राहिले. त्यांत बहुतेक स्त्रिया आणि मुले होती. सायबेरिया, मध्य आशिया आणि इराण असा प्रवास करून आलेल्या त्या लोकांनी पंचगंगेच्या खोऱ्यात पोलिश शाळा चालविल्या. घरून आणलेली चीजवस्तू वाटेत गेली असेल. परंतु नाव हिरावून घेणे कोणाला शक्य नव्हते. पोलंडमध्ये वाढदिवसाप्रमाणेच नामदिनही साजरा करण्याची रीत आहे. पंचांगात आपल्या नावाचा दिवस येतो आणि त्या दिवशी माणसे त्या नावासाठी भेटायला येतात.

आपणही घरापासून दूर आहोत. आपली मुले इतर भाषांच्या शाळांत जातात. तेथे त्यांची नावे तोडली जातात, वाकविली जातात. त्याचे मला फारसे दुःख नाही, कारण भाषा बदलली की उच्चार बदलणारच. दुःख होते ते दुसऱ्या गोष्टीचे. एखाद्या मुलाला नावाचा अर्थ विचारला की तो आईकडे पाहतो, आई आजीकडे पाहते. आणि आजी घरात नसली की उत्तर तेथेच संपते.

म्हणून माझी एक लहानशी सूचना आहे. बारशाच्या दिवशी घरातील वडीलधाऱ्यांनी एका वहीत बाळाच्या नावाचा अर्थ आणि ते का ठेवले, याच्या चार ओळी लिहून ठेवाव्यात. पणजीचे नाव असेल तर पणजीविषयीही लिहावे. मंडळाच्या बालवर्गाचा पहिला पाठ बाराखडीच्या आधी याच प्रश्नाने सुरू व्हावा : बाळ, तुझ्या नावाचा अर्थ काय? ज्याला तो सांगता येईल, त्याच्यापाशी मराठीचा निदान एक शब्द पुरता जिवंत आहे, असे मी समजेन. एका शब्दापासून पुढची भाषा शिकविता येते.